विश्लेषण : आकडा घसरला की दोष कर्मचाऱ्याचाच? शंभर वर्षांपूर्वीचा ‘कंट्रोल चार्ट’ काय सांगतो?

सोमवार सकाळची आढावा बैठक, पडद्यावर गेल्या आठवड्याचे आकडे, घसरलेल्या आकड्यापुढे लाल बाण आणि त्याचे स्पष्टीकरण शोधणारा टीम लीडर. बँक, विमा, कुरिअर, कॉल सेंटर, रुग्णालय, आयटी कंपनी… हे दृश्य आता सगळीकडे सारखेच झाले आहे. पण आकडा खरोखर घसरला, की नेहमीसारखाच खालीवर झाला? हा फरक ओळखण्याची पद्धत कारखान्यांत शंभर वर्षांपासून वापरात आहे. ‘संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण’ असे तिचे जड नाव असले तरी तिचे मुख्य साधन म्हणजे एक साधा आलेख. कार्यालयीन कामात तो कसा वापरायचा आणि न वापरल्यास नुकसान कोणाचे होते, याविषयी…

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ‘हॉथॉर्न वर्क्स’ हा प्रचंड कारखाना होता. भरभराटीच्या काळात तिथे ४० हजारांहून अधिक लोक कामाला होते. बेल कंपनीच्या टेलिफोन जाळ्याला लागणारी उपकरणे तिथे तयार होत. एकदा बसवलेले उपकरण बिघडले की दुरुस्तीचा खर्च मोठा, त्यामुळे प्रत्येक नग दुसऱ्यासारखा निघावा यासाठी अभियंत्यांचा आटापिटा चाले. एखादा नग थोडा वेगळा निघाला की यंत्राची जुळणी बदलायची, पुढचा वेगळा निघाला की पुन्हा बदलायची. पण अशा सतत फेरबदलांनी नगांमधला फरक कमी होण्याऐवजी वाढत होता.

गिझरचा नळ आठवून पाहा. पाणी जरा गार वाटले की नळ गरम बाजूला फिरवायचा, चटका बसला की गार बाजूला. हात नळावर असेपर्यंत पाणी काही स्थिर होत नाही.

वॉल्टर शूहार्ट हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले ३३ वर्षांचे तरुण तेव्हा या कंपनीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण दिले. ते जेमतेम एका पानाचे होते आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश जागा एका आकृतीने व्यापली होती, अशी आठवण एडवर्ड्स यांनी पुढे सांगितली. हाच पहिला ‘कंट्रोल चार्ट’. मधोमध सरासरीची रेघ, वर एक मर्यादारेषा, खाली एक आणि त्यांच्यामध्ये काळाच्या क्रमाने मांडलेले बिंदू. १९३१ मध्ये शूहार्ट यांनी या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला, पण मूळ कल्पना त्या एका पानात आली होती.

चढउताराचे दोन प्रकार कोणते?

डोंबिवलीहून दादरला रोज एकाच लोकलने जाणाऱ्या प्रवाशाचा वेळ रोज तेवढाच लागत नाही. कधी दोन मिनिटे जास्त, कधी तीन मिनिटे कमी. कुठे सिग्नल मिळायला उशीर, कुठे दारात गर्दी, कुठे समोरची गाडी हलत नाही. यातले कोणतेही एक कारण मोठे नसते, सगळी मिळून रोजचा थोडा फरक पाडतात. शूहार्ट यांनी त्यांना योगायोगाची कारणे म्हटले. पुढे एडवर्ड्स डेमिंग यांनी त्यांना ‘सामान्य कारणे’ हे नाव दिले. आणि एखाद्या दिवशी ओव्हरहेड वायर तुटते, दीड तास गाडी जागची हलत नाही. हे ‘विशेष कारण’.

आता दोन चुका होऊ शकतात. तीन मिनिटांच्या उशिराची रोज चौकशी समिती नेमणे ही पहिली. वायर तुटल्याच्या दिवशी ‘लोकल म्हटली की एवढे चालायचेच’ म्हणून सोडून देणे ही दुसरी. पहिल्या चुकीत माणसे विनाकारण पळवली जातात, दुसरीत खरा बिघाड हातचा निसटतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत, कारण एक टाळायला गेले की दुसरी वाढते. शूहार्ट यांनी मर्यादारेषा सरासरीपासून ‘तीन सिग्मा’ अंतरावर ठेवल्या, त्या या दोन्ही चुकांचा एकत्रित खर्च परवडेल असा राहावा म्हणून. सिग्मा म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती विखुरतात त्याचे माप.

या विभागणीत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो म्हणजे दुरुस्ती कोणी करायची? वायर तुटली तर जागेवरचा कर्मचारी ती शोधून जोडू शकतो. रोजचा प्रवासच दहा मिनिटांनी कमी करायचा असेल तर मात्र मोटरमनला फैलावर घेऊन उपयोग नाही. त्यासाठी नवी मार्गिका, नवी सिग्नल यंत्रणा लागते आणि तो निर्णय वरच्यांचा. सुधारणेच्या शक्यतांपैकी सुमारे ९४ टक्के व्यवस्थेच्या, म्हणजे पर्यायाने व्यवस्थापनाच्या हातात असतात, असा डेमिंग यांचा अंदाज होता. हा आकडा मोजमापातून नव्हे, अनुभवातून आलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

कार्यालयात हा आलेख कसा काढायचा?

समजा, एका सहकारी बँकेच्या शाखेत कर्जाचे अर्ज येतात आणि त्रुटी असलेले अर्ज दुरुस्तीसाठी ग्राहकाकडे परत जातात. येणाऱ्या अर्जांची संख्या दर आठवड्याला साधारण सारखीच आहे. १२ आठवड्यांत परत गेलेले अर्ज असे : १४, ११, १७, १३, ९, १५, १२, १८, १०, १४, १३, १०. (ही उदाहरणादाखल घेतलेली आकडेवारी आहे.)

शाखाधिकाऱ्यांच्या नजरेतून ही तिमाही नाट्यमय आहे. पाचव्या आठवड्यात आकडा ९ वर आला म्हणून पेढे वाटले. सहाव्या आठवड्यात तो १५ झाला, तेव्हा ‘कौतुक केले की लोक सैलावतात’ असा निष्कर्ष निघाला. आठव्या आठवड्यात १८ अर्ज परत गेले. त्या सोमवारी बैठकीत सगळ्यांची खरडपट्टी निघाली, कागदपत्रे तपासणाऱ्या कर्मचारी महिलेला लेखी खुलासा द्यावा लागला. नवव्या आठवड्यात आकडा १० झाला. शाखाधिकाऱ्यांना वाटले, आवाज चढवला की काम होते.

आता हेच आकडे शूहार्ट यांच्या पद्धतीने पाहू. बारा आकड्यांची बेरीज १५६, सरासरी १३. मग लागोपाठच्या दोन आठवड्यांतला फरक काढायचा, म्हणजे १४ आणि ११ मध्ये ३, ११ आणि १७ मध्ये ६, असे शेवटपर्यंत. हे अकरा फरक मिळून ४८ होतात, म्हणजे सरासरी फरक सुमारे ४.३६. याला २.६६ ने गुणायचे. हा ठरलेला गुणक आहे, सरासरी फरकावरून तीन सिग्मांचे अंतर तो काढून देतो. उत्तर येते ११.६. ते १३ मध्ये मिळवले की वरची मर्यादा २४.६, वजा केले की खालची १.४. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांचे काम.

बाराही बिंदू या दोन रेषांच्या आत आहेत. ९ चा आठवडा आणि १८ चा आठवडा यांत सांगण्यासारखा फरक नाही. या शाखेची सध्याची कामाची पद्धत आठवड्याला २ ते २४ पर्यंत कितीही अर्ज परत पाठवू शकते आणि तरीही त्यात वेगळे काही घडलेले नसते. पेढे आणि खरडपट्टी, दोन्ही योगायोगाला दिलेली बक्षिसे होती. त्या लेखी खुलाशात खरे काय लिहायचे असते? ‘या आठवड्यात विशेष काही घडले नाही’ एवढेच. पण असे लिहून देण्याची सोय कोणत्याच कार्यालयात नसते, त्यामुळे कारण रचावे लागते. मग ‘दोन जण रजेवर होते’, ‘सर्व्हर मंद होता’ ही कारणे फायलीत जातात आणि त्यांच्यावर उपाय सुरू होतात.

तेराव्या आठवड्यात मात्र २७ अर्ज परत गेले तर? हा बिंदू रेषेबाहेर आहे. इथे शोध घेतलाच पाहिजे आणि घेतला तर काही तरी सापडण्याची शक्यता खूप आहे. समजा, मुख्य कार्यालयाने अर्जाचा नमुना बदलला होता आणि शाखेत जुनाच नमुना वाटला जात होता, असे निघाले. एका दिवसात मिटणारी गोष्ट.

रेषेबाहेरचा बिंदू हा एकच इशारा नसतो. सगळे बिंदू मर्यादेत असले, पण लागोपाठ आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तरी काही तरी बदलले असे समजतात. नाणे लागोपाठ आठ वेळा एकाच बाजूने पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. हे नियम वेस्टर्न इलेक्ट्रिकनेच १९५६ मध्ये आपल्या हस्तपुस्तिकेत छापले आणि ते आजही त्याच कंपनीच्या नावाने ओळखले जातात.

रागावल्यावर काम सुधारल्यासारखे का वाटते?

कारण रागावण्याची वेळच तशी असते. आकडा सर्वात वाईट असतो तेव्हा साहेब चिडतात आणि सर्वात वाईट आकड्यानंतर येणारा आकडा बहुतेक वेळा सरासरीकडे सरकलेला असतो. रागावले नसते तरी तो सरकलाच असता. कौतुकाचे उलट होते. उत्तम आकड्यानंतर पुढचा आकडा साधारण खालीच येतो आणि कौतुक वाया गेले असे वाटते. नोबेल मानकरी मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानमन यांना इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांमध्ये हाच समज पक्का बसलेला आढळला होता. चांगल्या उड्डाणाची स्तुती केली की पुढचे बिघडते, वाईटावर ओरडले की पुढचे सुधारते, असे ते अनुभवाच्या बळावर सांगत. अनुभव खराच होता, कारण चुकीचे जोडले होते. नोकरीत वर्षानुवर्षे अशी ‘शिकवण’ मिळालेला अधिकारी कठोर होत गेला, तर त्यात नवल नाही.

लाल मण्यांचा प्रयोग काय होता?

डेमिंग यांच्या चार दिवसांच्या कार्यशाळेत एक प्रयोग हमखास असे. पेटीत ४,००० मणी, त्यांतले ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ निवडले जात. ५० खळगे असलेली फळी पेटीत बुडवून मणी बाहेर काढायचे हे त्यांचे काम. ग्राहकाला फक्त पांढरे मणी हवेत, लाल मणी म्हणजे दोष. फळी कशी धरायची, किती तिरकी करायची, याचे काटेकोर नियम. तपासनीस दोन, त्यांच्यावर मुख्य तपासनीस, शिवाय नोंदी ठेवणारा वेगळा.

डेमिंग स्वतः कडक मालकाच्या भूमिकेत. कमी लाल मणी आले की त्या कामगाराची जाहीर पाठ थोपटायची, जास्त आले की सर्वांसमोर झाडायचे. काही फेऱ्यांनंतर ‘कामगिरी खालावली’ म्हणून खालच्या तिघांना कामावरून कमी करायचे आणि वरच्या तिघांना दुप्पट काम द्यायचे. सभागृहात हशा पिकायचा. पण शेवटी आलेख काढला की हसू मावळायचे. पेटीत २० टक्के मणी लाल आहेत, म्हणजे ५० खळग्यांत सरासरी दहाच्या आसपास लाल येणार. हिशेब केला तर २ ते १८ मधला कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. कामगाराच्या हातात काहीच नव्हते. दोष पेटीत होता आणि पेटी भरली होती मालकाने.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ‘बेल कर्व्ह’ पद्धतीने वार्षिक मूल्यमापन अनुभवलेल्यांना हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. त्यात ठरावीक टक्के लोकांना वरच्या श्रेणीत आणि ठरावीक टक्के लोकांना खालच्या श्रेणीत बसवावेच लागते. सगळ्यांची कामगिरी एकाच व्यवस्थेच्या मर्यादारेषांच्या आत असली, तरी कोणी तरी शेवटचे असतेच आणि त्याला त्याबद्दल पगारवाढ गमवावी लागते, प्रसंगी नोकरीही. याचा अर्थ सगळे कर्मचारी सारखेच असतात, असा नाही. एखाद्याचा आकडा खरोखर रेषेबाहेर असू शकतो, चांगल्या अर्थाने किंवा वाईट. पण ते आलेख काढल्याशिवाय कळत नाही आणि एका वर्षाच्या एका आकड्यावरून तर नाहीच.

कारखान्याबाहेर ही पद्धत कधी आली?

वाटते त्यापेक्षा बरीच आधी. १९४० च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे १३ कोटी लोकांची माहिती पंचकार्डांवर छिद्रे पाडून उतरवायची होती. चुका पकडायच्या तर प्रत्येक कार्ड पुन्हा तपासावे लागे, म्हणजे काम दुप्पट. डेमिंग तेव्हा जनगणना विभागात होते. त्यांनी प्रत्येक ऑपरेटरच्या चुकांचे प्रमाण शूहार्ट पद्धतीने पाहिले. ज्यांच्या चुका कमी आणि स्थिर होत्या, त्यांची सगळी कार्डे तपासणे बंद करून फक्त नमुना तपासणी सुरू केली. ज्यांचे काम अजून स्थिरावले नव्हते, त्यांची पूर्ण तपासणी सुरू ठेवली. तपासणीचा खर्च आणि वेळ वाचला. कागदपत्रांच्या कामात ही पद्धत लागू पडते, हे तिथे दिसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने डेमिंग यांना व्याख्यानांसाठी बोलावले आणि पुढची गोष्ट सर्वपरिचित आहे. १९५१ पासून जपान त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. मायदेशात मात्र त्यांचे नाव घरोघरी पोहोचायला १९८० साल उजाडले, तेही ‘जपानला जमते तर आपल्याला का नाही’ असा प्रश्न विचारणाऱ्या एका टीव्ही माहितीपटामुळे. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.

अलीकडचे उदाहरण ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे. तिथे ‘मेकिंग डेटा काउंट’ या उपक्रमातून रुग्णालयांच्या संचालक मंडळांना सांगितले जाते की, गेल्या महिन्याशी तुलना करणारे लाल-हिरवे तक्ते बाजूला ठेवा आणि तेच आकडे कंट्रोल चार्टवर पाहा. आपत्कालीन विभागातली प्रतीक्षा, रुग्णांचे पडण्याचे प्रकार, शस्त्रक्रियांची रांग, सगळे त्यात येते.

भारताचा संबंध काय?

तो जपानच्याही आधीचा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. डेमिंग यांची जपानमधली व्याख्याने व्हायला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. १९५० च्या दशकात संस्थेने मुंबईसह काही शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे काढली आणि ती गिरण्या-कारखान्यांना सल्ला देऊ लागली. म्हणजे ज्ञान वेळेवर आले होते. पण परवाना राजवटीत माल कसाही असला तरी खपत होता, गिऱ्हाईक रांगेत उभे होते. आलेख काढण्याची गरज मालकाला वाटावी तरी कशाला? १९९१ नंतर बाजार खुला झाला तेव्हा चित्र बदलले. १९९८ मध्ये सुंदरम क्लेटन ही डेमिंग पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय कंपनी ठरली, २००३ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने तो मिळवला.

‘सिक्स सिग्मा’ म्हणजे नेमके काय? डबेवाले त्यात बसतात का?

मोटोरोला कंपनीतील अभियंते बिल स्मिथ यांनी १९८६ मध्ये हे नाव रूढ केले. १९९५ पासून जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्याचा धडाका लावला आणि जगभर ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट अशी कराटेसारखी प्रमाणपत्रे निघाली. ढोबळ अर्थ असा : दहा लाख संधींमागे फक्त ३.४ दोष. यात एक गंमत आहे. गणिताने काटेकोर पाहिले तर सहा सिग्मांबाहेर पडण्याचे प्रमाण एक अब्जामागे दोन इतके कमी येते. ३.४ हा आकडा मिळतो तो, काळाच्या ओघात कोणतीही प्रक्रिया दीड सिग्माने सरकेल असे मोटोरोलाने गृहीत धरले म्हणून. हे गृहीतक सगळीकडे का लागू व्हावे, यावर संख्याशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. प्रमाणपत्रांच्या बाजारात त्याची चर्चा फारशी होत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्स’ मासिकाने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. १९९८ मध्ये या मासिकात डबेवाल्यांवर कौतुकाचा लेख आला होता, हे खरे. पण मासिकाने असे कोणतेही प्रमाणपत्र दिले नाही, लेखात तो शब्दही आपण वापरला नव्हता, असा खुलासा तो लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेच नंतर केला. हिशेबच करायचा तर करोनापूर्व काळात दिवसाला दोन लाख डबे, जाणे-येणे धरून चार लाख फेऱ्या असे सांगितले जाई. सिक्स सिग्मा म्हणजे त्यात दिवसाला सरासरी दीडच्याही आत चुका. त्या तेवढ्याच होतात का, हे सांगायला रोजच्या चुकांची नोंद लागते.

पण प्रमाणपत्राच्या या दंतकथेत डबेवाल्यांचे खरे श्रेय झाकले जाते. झाकणावरची मोजकी अक्षरे, अंक आणि रंग, प्रत्येक गटाचा ठरलेला भाग, एखादा आला नाही तर त्याची फेरी सांभाळणारा जादा माणूस आणि गाडी कोणासाठी थांबणार नाही याची सर्वांना असलेली जाणीव. चूक होऊ नये अशीच कामाची घडी बसवलेली आहे. डेमिंग यांच्या भाषेत सांगायचे तर पेटीत लाल मणीच कमी ठेवले आहेत.

हे सगळे फसते कुठे?

आकडेच खोटे असतील तिथे. आकड्यामागे शिक्षा उभी केली की तो सुधारण्याचे तीन मार्ग उरतात : काम सुधारणे, दुसरीकडचे काम बिघडवून हे सुधारणे, किंवा आकडाच बदलणे. पहिला मार्ग कर्मचाऱ्याच्या हातात नसेल तर उरलेल्या दोनांपैकी एक निवडला जातो. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला अनेक खाती विकण्याचे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांवर होते. २०१६ मध्ये उघड झाले की, ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेली होती. संशयित खात्यांचा आकडा पुढे ३५ लाखांपर्यंत गेला. बँकेला सुरुवातीलाच साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि काही वर्षांत मिळून सुमारे ५,३०० जणांना काढून टाकल्याचे बँकेने सांगितले. त्यांतले बहुसंख्य खालच्या पायरीवरचे होते. एवढ्या संख्येने कर्मचारी वर्षानुवर्षे एकच गैरप्रकार करतात, तेव्हा ती वायर तुटल्याची घटना नसते, रोजची गाडीच तशी धावत असते.

दुसरी अडचण व्याख्येची. ‘त्रुटी’ म्हणजे काय, हे एका कर्मचाऱ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरेच वाटत असेल, तर आलेखात कामाऐवजी मोजणाऱ्यांमधला फरक दिसतो. शिवाय वर्षातून दोनदाच घडणाऱ्या गोष्टींसाठी हा साधा आलेख निरुपयोगी. तिथे दोन घटनांमध्ये किती दिवस गेले, ते मोजावे लागते.

आलेखाने आकडा सुधारतो का?

नाही. आलेख फक्त सांगतो की, शाखेची सरासरी १३ आहे आणि कोणाला ओरडून ती कमी होणार नाही. पुढचे काम वेगळे. त्याच बँकेतल्या १५६ परत गेलेल्या अर्जांची कारणे मांडली आणि समजा असे दिसले : ६८ अर्जांत कागदपत्रांची छायाचित्रे अस्पष्ट, ४१ मध्ये सहीत फरक, २४ मध्ये उत्पन्नाचा दाखला जुना, उरलेल्या २३ मध्ये किरकोळ बाबी. म्हणजे पहिल्या दोन कारणांतच ७० टक्के अर्ज आले. शाखेने काउंटरवर एक स्कॅनर ठेवला, ग्राहकाच्या फोनवरचे छायाचित्र घेणे बंद केले आणि सही अर्ज घेतानाच नोंदीशी पडताळायला सुरुवात केली. खर्च काही हजारांचा, पण मंजुरी वरून यावी लागली. तपासणीच्या टेबलावरच्या कर्मचारी महिलेला हे स्वतःच्या अधिकारात करता आले नसते.

त्यानंतरचे आठ आठवडे समजा असे गेले : ७, ९, ६, ८, १०, ७, ५, ८. आठही आकडे जुन्या सरासरीच्या, म्हणजे १३ च्या खाली. आठ बिंदूंच्या नियमाप्रमाणे प्रक्रिया खरोखर बदलली आहे आणि आता जुन्या रेषा पुसून नव्या काढायच्या. नवी सरासरी ७.५. लागोपाठच्या फरकांची सरासरी २.४३, तिला २.६६ ने गुणून आले सुमारे ६.५. नव्या मर्यादा १ आणि १४. आठच आकड्यांवर काढलेल्या या रेषा कच्च्या मानायच्या आणि पुढचे आकडे येतील तशा पक्क्या करायच्या. ज्या १८ च्या आकड्यासाठी आधी लेखी खुलासा मागितला गेला, तो तेव्हा नेहमीचाच होता. आता या शाखेत एखाद्या आठवड्यात १८ अर्ज परत गेले, तर मात्र काय घडले ते त्याच दिवशी जाऊन पाहावे लागेल.